दहा टक्क्यांसाठी ऑर्क: एका क्राफ्टरच्या रेस निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एप्रिल २०२०. टाळेबंदीत सगळे घरात अडकलेले. आम्ही चौघांनी रोज रात्री साडेनऊला एकत्र खेळायचं ठरवलं. मी आणि कॉलेजचा एक मित्र पुण्यात, माझी मावसबहीण नाशिकला, आणि दुसरा मित्र नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये. आमचे साडेनऊ म्हणजे त्याच्याकडे संध्याकाळचे सहा. त्याच्या सोयीने युरोपचा सर्व्हर घेतला आणि खेळ निवडला ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’. हा खेळ २०१४ पासून चालू आहे. त्यात एका डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त मोहिमेत, चौघांचीच टोळी लागते: एक टँक (शत्रूचे वार झेलणारा), एक हीलर (सोबत्यांना बरं करणारा) आणि दोन मारा करणारे. आमची संख्या बरोबर जुळत होती.

मावसबहीण आमच्यात सर्वांत लहान, म्हणून या लेखात तिला ‘धाकटी’च म्हणतो. बाकीच्यांचीही नावं मुद्दाम दिलेली नाहीत. या खेळात प्रत्येक कॅरेक्टरची रेस, म्हणजे वंश, आणि क्लास, म्हणजे लढण्याचा प्रकार, निवडावा लागतो. नेदरलँड्सच्या मित्राने नॉर्ड वंशाचा ड्रॅगननाइट घेऊन टँक व्हायचं ठरवलं. पुण्याच्या मित्राने खजीत नाइटब्लेड घेतला, मी हाय एल्फ सॉर्सरर. हीलरची जागा धाकटीने स्वतःहून मागितली. त्यासाठी तिला टेम्प्लर हा क्लास हवा होता. शिवाय तिला क्राफ्टिंगचं वेड. चिलखतं, कपडे, काठ्या, सगळं आपण स्वतः बनवून सगळ्यांना द्यायचं, ही तिची पहिल्या दिवसापासूनची इच्छा. तिच्या या दोन इच्छा एकाच कॅरेक्टरवर येऊन पडल्या आणि पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू झाली.

निवड कशी झाली

कॅरेक्टर बनवायच्या पडद्यावर तिने मला फोन लावला. “दादा, रेस कुठली घेऊ? मला क्राफ्टिंग करायचंय.”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “मग ऑर्क घे. त्याला क्राफ्टिंगचा बोनस आहे.”

माहिती खरी होती. या खेळात ऑर्कला ‘क्राफ्ट्समन’ नावाचा जन्मजात गुण मिळतो. त्यामुळे क्राफ्टिंग करताना मिळणारं ‘इन्स्पिरेशन’, म्हणजे त्या कलेतला अनुभव, दहा टक्के जास्त मिळतो. इतर रेसना असं काही नाही. एल्डर स्क्रोल्सच्या जगात ऑर्क उत्तम लोहार मानले जातात. रॉथगारच्या डोंगराळ मुलखातलं ऑर्सिनिअम हे त्यांचं शहर. तेव्हा कथेतही ते चपखल बसत होतं.

पण माझं उत्तर या खेळातून आलेलं नव्हतं. त्याआधीच्या ऑगस्टपासून, म्हणजे २०१९ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ सुरू झाल्यापासून, मी काही महिने तो खेळ खेळलो होतो. तिथे माझा टॉरेन रेसचा कॅरेक्टर होता. टॉरेनला वनस्पती गोळा करण्याच्या कौशल्यात १५ गुण जास्त मिळतात, नोमला इंजिनिअरिंगमध्ये १५. हे गुण मूळ कौशल्यात कायमचे मिळवले जातात आणि कमाल मर्यादाही तेवढीच वर सरकते. सगळ्यांचं कौशल्य ३०० वर थांबतं तेव्हा नोमचं इंजिनिअरिंग ३१५ पर्यंत जातं. ब्लॅक लोटस ही वनस्पती तोडायला ३०० लागतात, टॉरेनला ती २८५ वरच तोडता येते. पुढे ‘बर्निंग क्रुसेड’ या त्याच खेळाच्या विस्तारात ब्लड एल्फला मंत्रलेपनात, म्हणजे एन्चांटिंगमध्ये, १० गुण मिळाले, आणि २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’मध्ये गॉब्लिनला अल्केमीत १५. या खेळाने आमच्या पिढीच्या खेळाडूंना एक सवय लावली: धंदा ठरवा, त्याला बोनस देणारी रेस बघा, झाली निवड.

तीच सवय मी दुसऱ्या खेळात जशीच्या तशी नेली. दोन्हीकडे शब्द ‘बोनस’च, पण त्याचा अर्थ वेगळा. एका खेळात तो मर्यादा वाढवत होता, दुसऱ्यात फक्त वेग. हा फरक मी तपासलाच नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर जाणवली. लोहाराच्या घरात जन्मला तो लोहार, सुताराच्या घरात जन्मला तो सुतार, ही कल्पना आपल्या गावगाड्यात इतकी मुरलेली आहे की खेळात ‘ही जमात या कामात तरबेज’ असं वाचलं की ते आपल्याला लगेच पटतं. त्यावर प्रश्न विचारावा असं वाटतच नाही. मला तरी वाटलं नाही.

धाकटीने ऑर्क टेम्प्लर बनवली, हिरवी, धिप्पाड, कपाळावर रंगाचे पट्टे. तिला ती मनापासून आवडली, हेही नोंदवून ठेवतो. पुढे त्याला महत्त्व येणार आहे.

अडचण कशी उघडी पडली

पहिले तीन आठवडे सगळं सुरळीत वाटलं. लोहारकामाच्या लेव्हल भराभर चढत होत्या. ती दर दोन दिवसांनी सगळ्यांना नवी चिलखतं देत होती. बोनस कामाला येतोय असंच आम्हाला वाटत होतं.

मेच्या सुरुवातीला आम्ही पहिल्यांदा नीट बसून पुढे कोणाला काय लागणार याची यादी केली. मला हवा होता ‘लॉ ऑफ ज्युलियानोस’ हा सेट (एकत्र घातल्यावर जास्त ताकद देणाऱ्या वस्तूंचा संच), पुण्याच्या मित्राला ‘हंडिंग्ज रेज’. दोन्ही क्राफ्ट करता येतात आणि दोन्हींसाठी एकच अट असते: ज्या वस्तूत तो सेट बनवायचा, त्या वस्तूचे सहा ट्रेट बनवणाऱ्याने आधी रिसर्च केलेले हवेत.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगतो, कारण प्रकरणाचा गाभा इथेच आहे. ट्रेट म्हणजे वस्तूचा विशेष गुण, एका वस्तूला असे नऊपर्यंत. ट्रेट शिकायचा तर तो असलेली एक वस्तू कामाच्या जागी ठेवून रिसर्चला लावायची. ती वस्तू संपते आणि घड्याळ सुरू होतं. त्या वस्तूचा पहिला ट्रेट सहा तासांत शिकून होतो. दुसऱ्याला १२ तास, तिसऱ्याला २४, मग ४८, ९६, १९२. दर वेळी दुप्पट. नववा ट्रेट मूळ हिशेबाने १,५३६ तासांचा, म्हणजे ६४ दिवसांचा. हे खरे तास आहेत. तुम्ही खेळा, झोपा किंवा भांडी घासा, ते आपल्या गतीने जातात.

एका वस्तूचे सहा ट्रेट म्हणजे ३७८ तास, जवळपास १६ दिवस. माझ्या सेटच्या पाच वस्तू आणि मित्राच्या पाच, मिळून दहा. म्हणजे ३,७८० तास. एका वेळी एकच वस्तू रिसर्चला लावता आली तर १५७ दिवसांहून जास्त. एका वेळी तीन लावता आल्या तर साडेबावन्न दिवस.

ऑर्कचा दहा टक्के बोनस या तासांना स्पर्शही करत नाही. तो फक्त इन्स्पिरेशनला, म्हणजे कलेची लेव्हल चढण्याला लागतो. ती लेव्हल ५० ला थांबते, आणि तिथे पोचल्यावर बोनस उरतो तो फक्त नावाला. शिवाय दहा टक्के जास्त मिळणं म्हणजे अकरा दिवसांचं काम दहा दिवसांत होणं. आम्ही रेस निवडली होती तो एक दिवस वाचवण्यासाठी.

याहून वाईट गोष्ट धाकटीनेच सांगितली. “दादा, हे दोन्ही सेट कापडाचे आणि चामड्याचे आहेत. म्हणजे शिवणकाम. मी तर फक्त लोहारकामच करत होते.”

हलकं आणि मध्यम चिलखत दोन्ही शिवणकामात येतात. लोहारकामात येतं ते जड चिलखत, तलवारी, कुऱ्हाडी. ऑर्क म्हणजे लोहार, या चित्राने तिला नकळत ऐरणीकडे नेलं होतं. खरं तर बोनस सगळ्याच कलांना सारखा लागतो. आणि प्रत्येक कलेच्या रिसर्चच्या जागा स्वतंत्र असतात, त्यामुळे लोहारकामाची जागा भरलेली असताना शिवणकामाची रिकामी ठेवण्याचं काहीच कारण नव्हतं. ती तेवीस दिवस रिकामी होती. त्या तेवीस दिवसांत एकाच जागेवर एक वस्तू सहा ट्रेटपर्यंत पूर्ण झाली असती आणि दुसरीचे चार ट्रेट हातात आले असते.

तिसरी अडचण डंजनमध्ये दिसली. मेच्या मध्यापासून आम्ही कठीण डंजन करू लागलो. तिथे धाकटीचा मॅजिका, म्हणजे जादूची शक्ती, लढाई अर्ध्यावर असतानाच आटायचा. टेम्प्लरची बरं करणारी कौशल्यं मॅजिकावर चालतात. ऑर्कचे बाकीचे जन्मजात गुण मात्र स्टॅमिना, आरोग्य आणि धावण्याकडे झुकलेले. जवळून शस्त्राने लढणाऱ्याला ते सोन्यासारखे, पण हीलरला त्यातलं फारसं काही कामाला येत नाही. उलट ब्रेटन या रेसला जास्त मॅजिका मिळतो आणि मॅजिकाच्या कौशल्यांचा खर्चही कमी पडतो.

सगळा दोष रेसचा नव्हता. तिच्या कपड्यांवरचे मंत्रलेप चुकीचे होते, ती औषधाच्या बाटल्या वापरत नव्हती, आणि आम्ही मारा करणारे आगीतून बाजूला होत नव्हतो. हे सगळं सुधारल्यावर अर्धा फरक पडला. उरलेला अर्धा मात्र रोज रात्री बोचत राहिला.

चुकीचं वळण

या टप्प्यावर धाकटीने आम्हाला न विचारता एक निर्णय घेतला. हीलर म्हणून नवी ब्रेटन टेम्प्लर सुरू केली आणि ऑर्कला फक्त कामाच्या जागी उभं ठेवलं, क्राफ्टिंगपुरतं. तिचा विचार सरळ होता: दोन कामं, दोन कॅरेक्टर.

कागदावर हे बरोबर दिसतं, आणि बरेच खेळाडू असंच करतात. पण या खेळात क्राफ्टर घरबसल्या मोठा होत नाही. प्रत्येक कलेत स्किल पॉइंट ओतावे लागतात: नवा धातू किंवा नवं कापड वापरता यावं म्हणून, मोडीत काढलेल्या वस्तूंतून जास्त माल निघावा म्हणून, आणि सर्वांत महत्त्वाचं, एकाच वेळी दोन आणि मग तीन रिसर्च चालावेत म्हणून. एकट्या लोहारकामात सगळं घ्यायचं तर वीसहून अधिक पॉइंट जातात, शिवणकामाचंही तेच. आणि पॉइंट मिळतात ते खेळून: लेव्हल चढताना, कथेची कामं करताना, डंजन पहिल्यांदा पार केल्यावर, जगभर विखुरलेले आकाशमणी गोळा केल्यावर. तीन आकाशमणी मिळून एक पॉइंट. ट्रेटचं ज्ञानही त्या एका कॅरेक्टरपुरतंच असतं, दुसऱ्याला देता येत नाही.

म्हणजे आता ब्रेटन रोज खेळून पॉइंट कमवत होती आणि तिला क्राफ्टिंगसाठी ते लागत नव्हते. ऑर्कला लागत होते आणि ती एका जागी उभी होती. शिवणकामातली रिसर्चची तिसरी जागा उघडायला पॉइंटच उरले नव्हते. दोन आठवडे असेच गेले.

मला वाटतं, संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. सुरुवातीची चूक माहितीची होती आणि ती कोणाकडूनही होऊ शकते. पण ही दुसरी चूक त्या पहिल्या निवडीला वाचवण्याच्या धडपडीतून झाली. ऑर्कचा बोनस वाया जाऊ नये म्हणून आम्ही बोनसपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट वाया घालवत होतो: तिच्या रोजच्या दोन तासांच्या खेळातून मिळणारे पॉइंट.

पर्याय

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही डंजनला गेलो नाही. चौघांनी फक्त बोलायचं ठरवलं.

पहिला पर्याय होता आहे तसं चालू ठेवायचा: ब्रेटन खेळायला, ऑर्क बनवायला, आणि आठवड्यातून एक दिवस ऑर्कला बाहेर काढून आकाशमणी गोळा करायचे. खर्च शून्य. पण तो एक दिवस पुढच्या आठवड्यावर ढकलला जाईल हे प्रत्येकाला कळत होतं.

दुसरा पर्याय: ऑर्कच मुख्य ठेवायची आणि हीलर म्हणूनही तीच खेळवायची. मंत्रलेप आणि बाटल्या सुधारल्यावर ती चांगली चालत होती हे आम्ही पाहिलं होतं. टँकच्या मित्राचं मत हेच होतं. “आपण काही विक्रम करायला बसलेलो नाही. रेसमुळे डंजन पडत नाही, आपण चुकतो म्हणून पडतं.” त्याच्या बोलण्यात तथ्य होतं आणि आजही आहे. इतर कुणाला मी हाच सल्ला पहिला देईन.

तिसरा पर्याय: ब्रेटनलाच नव्याने क्राफ्टर बनवायचं. तो लगेच बाद झाला, कारण ऑर्कच्या डोक्यातले आठ आठवड्यांचे रिसर्चचे तास कशानेही हलवता येत नाहीत.

चौथा पर्याय: क्राउन स्टोअरमधून रेस बदलायचं टोकन घ्यायचं. तेव्हा किंमत ३,००० क्राउन, म्हणजे खऱ्या पैशांतली. ऑर्कची ब्रेटन होईल, रिसर्च आणि कलांच्या लेव्हल जागच्या जागी राहतील, दहा टक्के बोनस जाईल. ऑर्क आणि ब्रेटन दोन्ही डॅगरफॉल कव्हनंट या एकाच आघाडीतले, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता.

पाचवा पर्याय पुण्याच्या मित्राने सुचवला, आणि तो रेसचा नव्हताच. “सगळं तिनेच का बनवायचं? लाकूडकाम दुसऱ्या कुणी घेतलं तर तिचे पॉइंट शिवणकामाला मोकळे होतील.” इतके दिवस हे कुणालाच सुचलं नव्हतं, कारण पहिल्याच दिवशी आम्ही मनात ठरवून टाकलं होतं: क्राफ्टर एकच, आणि ती ऑर्क.

चर्चा बराच वेळ दुसऱ्या आणि चौथ्या पर्यायात घुटमळली. शेवटी मी धाकटीला एकच विचारलं, “रोज रात्री लॉगिन करताना तुला कोणाला उघडावंसं वाटतं?” ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ब्रेटनला. पण ऑर्कला सोडवत नाही.”

काय केलं

चौथा आणि पाचवा पर्याय एकत्र केले.

टोकन मी घेतलं आणि तिला भेट म्हणून पाठवलं. सल्ला माझा होता, न तपासता दिलेला. त्यामुळे त्याचा खर्च तिच्यावर पडणं मला बरोबर वाटलं नाही. तिने आढेवेढे घेतले, मग घेतलं. दुसरी ब्रेटन, जी २२ व्या लेव्हलवर होती, ती तशीच ठेवून दिली. मूळ टेम्प्लर आता ब्रेटन झाली आणि रोज रात्री तीच डंजनला यायला लागली.

लाकूडकाम, म्हणजे काठ्या, धनुष्य आणि ढाल, टँकच्या मित्राने घेतलं. त्याच्याकडे बरेच पॉइंट पडून होते, कारण सुट्टीच्या दिवशी एकट्याने फिरून आकाशमणी गोळा करणं हा त्याचा छंद. मंत्रलेपन मी घेतलं. धाकटीकडे शिवणकाम राहिलं, आणि रिसर्च झालेलंच होतं म्हणून लोहारकामही.

मग मोडतोडीची शिस्त लावली. इन्स्पिरेशन वस्तू बनवून मिळतं, पण त्याहून जास्त दुसऱ्याने बनवलेल्या किंवा डंजनमध्ये सापडलेल्या वस्तू मोडीत काढून मिळतं. स्वतः बनवलेली वस्तू स्वतःच मोडली तर फारच थोडं. ‘इंट्रिकेट’ असं लिहिलेल्या वस्तू तर केवळ मोडण्यासाठीच असतात, त्यांतून भरपूर इन्स्पिरेशन मिळतं. आतापर्यंत आम्ही तिघं त्या व्यापाऱ्याला विकून टाकत होतो. आता नियम केला: कापड-चामडं धाकटीला, लाकूड टँकला, मंत्रलेपाचे मणी मला, विकायचं काही नाही.

रिसर्चचा क्रमही बदलला. आधी ती सगळ्या चौदा वस्तूंचे पहिले-दुसरे ट्रेट घेत चालली होती, कारण ते लवकर होतात आणि यादी भरल्यासारखी दिसते. आता फक्त हव्या त्या दहा वस्तू घेतल्या आणि त्याच खोलवर नेल्या, आधी मित्राच्या मध्यम चिलखताच्या, मग माझ्या हलक्या. आमच्यासारख्या मारा करणाऱ्यांना ‘डिव्हाइन्स’ हा ट्रेट लागतो, तो सहांत असेलच हे आधी पाहिलं. नुसती सहा ही संख्या गाठून उपयोग नाही, ज्या ट्रेटमध्ये वस्तू बनवायची तो ट्रेट येत असावा लागतो. हे सांगणं गरजेचं आहे, कारण आम्ही दोन वस्तूंत तो विसरणार होतो.

निष्पत्ती

तिसरी जागा त्याच आठवड्यात उघडली. रोज खेळणारं कॅरेक्टर आणि क्राफ्टर एकच झाल्यामुळे पॉइंटची ओढाताण संपली.

‘हंडिंग्ज रेज’चे पाच कपडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तयार झाले. माझा ‘लॉ ऑफ ज्युलियानोस’ जुलैच्या मध्यावर. तो सेट रॉथगारमध्ये बनवता येतो, म्हणजे थेट ऑर्कच्या मुलखात. आम्ही चौघंही तिच्याबरोबर गेलो. बर्फ पडत होता, ती शिवणाच्या जागेपुढे उभी होती आणि एकेक वस्तू बनवून आवाजात नाव घेत माझ्याकडे देत होती. मला त्या संध्याकाळचं फार अप्रूप आहे.

लाकूडकामाचा आकडा मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा. टँकच्या नॉर्डला क्राफ्टिंगचा कुठलाही बोनस नाही. त्याने सुरुवातीपासून लेव्हल ५० पर्यंतचं अंतर सोळा दिवसांत संपवलं. ऑर्क असताना धाकटीला लोहारकामात तेवढ्यालाच पाच आठवडे लागले होते. फरक रेसचा नव्हता. ती एकटी खाणीतून लोखंड आणून वस्तू बनवत होती, आणि त्याला आम्ही तिघं रोज पोतंभर वस्तू मोडायला आणून देत होतो.

डंजनमध्ये मॅजिका आटण्याची तक्रार जवळपास थांबली. त्यातला किती वाटा ब्रेटनचा आणि किती सुधारलेल्या मंत्रलेपांचा, हे वेगळं करून सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच पंधरवड्यात झालं. टँकचा मित्र आजही म्हणतो की टोकनचे पैसे वाचले असते. धाकटी म्हणते की तिला पहिल्यांदा हीलर असल्यासारखं वाटलं. दोघांचंही मी मान्य करतो.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत स्वस्त दुरुस्ती पहिल्या आठवड्यात शक्य होती. तेव्हा रिसर्च जेमतेम दोन-तीन ट्रेटचा झाला होता. ऑर्क काढून नवी ब्रेटन बनवली असती तर चार संध्याकाळी गेल्या असत्या, बाकी काहीच नाही. प्रत्येक दिवसागणिक ती दुरुस्ती महाग होत गेली, कारण कॅरेक्टरमध्ये साठत होते ते खरे तास. म्हणून अशा खेळात रेसबद्दलची शंका पहिल्या आठवड्यातच बोलून टाकावी, ‘बघू पुढे’ म्हणून ठेवू नये.

धाकटीच्या फोनवर मी तिला तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या. बोनस नेमका कशाला लागतो? तो मर्यादा वाढवतो की नुसता वेग? आणि क्राफ्टिंग सोडून रोज रात्री तू काय करणार आहेस? तिसऱ्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं, “हीलर.” एवढं विचारलं असतं तरी ब्रेटनपाशी पोचलो असतो. ऑर्क वाईट रेस आहे असा याचा अर्थ नाही. धाकटी तलवार घेऊन लढणार असती तर ऑर्क उत्तमच ठरला असता, आणि दहा टक्के वर मिळाले असते ते वेगळेच.

बोनस मर्यादा वाढवतो अशा खेळात माझं पहिलं उत्तरही योग्य ठरलं असतं. वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये ज्याला फक्त इंजिनिअरिंगच करायचंय त्याला नोमचे १५ गुण शेवटपर्यंत पुरतात. आणि ‘फायनल फँटसी १४’सारख्या खेळात रेसचा क्राफ्टिंगशी काही संबंधच नाही, तिथे आवडेल तो चेहरा घ्यावा आणि मोकळं व्हावं. सल्ला खेळ बघून द्यायचा असतो, आणि मी तो आठवणीतून दिला.

रिसर्च पहिल्या दिवसापासून सगळ्या कलांत लावून ठेवायला हवा होता, मग त्या कलेत रस असो वा नसो. तो लेव्हल मागत नाही, पॉइंट मागत नाही. पहिल्या जागेसाठी फक्त ट्रेट असलेली एक वस्तू मागतो. झोपण्यापूर्वी लांबचा ट्रेट लावायचा, जागं असताना सहा-बारा तासांचे उरकायचे. हे आम्ही मेमध्ये शिकलो, एप्रिलमध्ये शिकायला हरकत नव्हती.

एका बाबतीत मात्र मी अजून साशंक आहे. दुसरी ब्रेटन सुरू करणं चूक होतं असं मी वर म्हटलंय. पण तिने ती सुरू केली नसती तर ब्रेटन खेळायला किती आवडतं हे तिला कळलं नसतं, आणि टोकनवर ३,००० क्राउन घालवायचा निर्णय आम्ही अंधारात घेतला असता. ते दोन आठवडे कदाचित चाचणीचे म्हणून धरावेत. फक्त चाचणी आहे हे तेव्हा ठरवून केलं असतं, आणि दोन आठवड्यांची मुदत घातली असती, तर ऑर्कचे पॉइंट अडकले नसते.

रेस बदलली त्या रात्री धाकटीने ब्रेटनचा चेहरा बनवायला पाऊण तास घेतला. मग कामाच्या जागी जाऊन स्वतःसाठी नवे कपडे शिवले. या खेळात प्रत्येकाला आपल्या रेसची बांधणी, म्हणजे कपडे-चिलखतांची धाटणी, जन्मापासून येते, आणि इतर रेसची तिच्या पुस्तकातून शिकावी लागते. ब्रेटन बांधणीचं पुस्तक तिला कुणाच्या तरी कपाटात आधीच सापडलं होतं. तरी तिने कपडे शिवले ते ऑर्कच्या बांधणीचे, जाड शिवणीचे, रुंद खांद्यांचे. मी विचारलं, तर म्हणाली, “तिची आठवण म्हणून.” आजही तिची ब्रेटन त्याच बांधणीत फिरते.